डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण आयसीयूत: आधी काय, नंतर काय आणि कुठे चुकतं

डोक्याला जबर मार लागलेला बेशुद्ध रुग्ण आला की बहुतेक ठिकाणी पहिला हात मॅनिटॉलच्या, म्हणजे मेंदूची सूज उतरवणाऱ्या औषधाच्या, बाटलीकडे जातो. वरचा रक्तदाब ९० आहे, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कुणी पाहिलेला नाही, मानेची कॉलर आवळलेली आहे, आणि मॅनिटॉल मात्र जोरात चालू आहे. औषध योग्यच असतं, फक्त त्याची पाळी अजून आलेली नसते.

अपघाताच्या क्षणी मेंदूला जी इजा झाली ती कुणालाच मागे घेता येत नाही. त्यानंतरची इजा मात्र आपल्या डोळ्यांदेखत होते: प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब घसरतो, कवटीतला दाब चढतो, ताप येतो, आकडी येते, सोडियम उतरतं. ही दुसरी इजा टाळणं म्हणजेच आयसीयूतला उपचार. पुढचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत.

हा लेख आयसीयूतल्या निवासी डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी आहे. सगळे आकडे प्रौढांचे आहेत, लहान मुलांना ते लावू नका. श्वास आणि रक्तदाब सावरल्यानंतरही जीसीएस (शुद्धीची पातळी सांगणारे गुण) ८ किंवा त्याखाली राहिला तर इजा गंभीर धरायची. सावरण्याआधी काढलेला जीसीएस फसवा असतो, कारण रक्तस्रावाने खचलेला किंवा दारू प्यायलेला रुग्णही तितकाच निपचित पडतो.

## तयारी: रुग्ण पलंगावर येण्याआधी

निरोप आला की तेवढ्यात एवढं उरकून ठेवा.

- डोक्याकडची बाजू वर होणारा पलंग, चालू स्थितीतलं सक्शन, व्हेंटिलेटर आणि कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र).
- आर्टेरियल लाइनचा (धमनीत नळी घालून रक्तदाब सतत मोजण्याचा) सेट भरून, हवेचे बुडबुडे काढून, झिरो करून तयार.
- रक्तदाब वाढवणारं नॉरएड्रिनलिन सिरिंज पंपात भरलेलं. रक्तदाब पडल्यावर औषध काढायला घेतलं तर ती मिनिटं मेंदू मोजतो.
- ३ टक्के सलाइन किंवा २० टक्के मॅनिटॉल पलंगाजवळ. मॅनिटॉलची बाटली उजेडात धरून पाहा. थंडीत त्यात स्फटिक धरतात. स्फटिक दिसले तर बाटली कोमट करून ते पूर्ण विरघळवा, आणि फिल्टरच्या सेटनेच द्या.
- चांगला टॉर्च, ग्लुकोमीटर, लघवीची नळी, तोंडातून पोटात घालायची नळी.
- रुग्णाचं अंदाजे वजन फळ्यावर मोठ्या अक्षरात. पुढचे सगळे डोस त्यावरच ठरणार आहेत.

शेवटचं काम माणसाचं. डोळ्यांच्या बाहुल्या आणि जीसीएस दर तासाला कोण लिहिणार, हे नावानिशी ठरवा. ‘सगळेच बघतील’ म्हटलं की कुणीच बघत नाही.

## टप्पा १: श्वास आणि रक्तदाब, स्कॅनच्याही आधी

१. श्वासाची नळी घालण्याआधी जीसीएस, दोन्ही बाहुल्या आणि चारही हातपायांची हालचाल लिहून ठेवा. अर्धं मिनिट लागतं. गुंगी आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्यावर ही माहिती कित्येक तास मिळत नाही आणि न्यूरोसर्जन नेमकं तेच विचारतो.

२. मानेचा मणका दुखावलेला आहे असं धरूनच चाला. नळी घालताना एकाने दोन्ही हातांनी डोकं आणि मान सरळ धरावी आणि कॉलरचा पुढचा भाग सोडावा.

३. इंडक्शनचं, म्हणजे नळी घालण्यासाठी झोपवण्याचं, औषध रक्तदाब बघून निवडा. आधीच रक्त गेलेल्या रुग्णाला प्रोपोफॉलचा पूर्ण डोस दिला की रक्तदाब कोसळतो. केटामिनने कवटीतला दाब वाढतो ही भीती जुनी झाली. श्वास ताब्यात असलेल्या रुग्णात ते वापरता येतं.

४. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९४ टक्के किंवा वर ठेवा. वरचा रक्तदाब १५ ते ४९ वयोगटात आणि सत्तरीपुढे किमान ११०, तर ५० ते ६९ मध्ये किमान १०० हवा. तो एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचा धोका लक्षणीय वाढतो.

५. द्रव म्हणून नॉर्मल सलाइन. ५ टक्के डेक्स्ट्रोज अजिबात नको, कारण साखर वापरली गेली की उरतं ते नुसतं पाणी आणि मेंदूची सूज वाढते. अल्ब्युमिनही नको. २००७ च्या सेफ अभ्यासातल्या डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत अल्ब्युमिनच्या गटात मृत्यू जास्त होते.

इशारा: प्रौढ माणसाचा रक्तदाब केवळ डोक्याच्या माराने सहसा पडत नाही. तो पडला असेल तर छाती, पोट, ओटीपोट, मांडीचं हाड आणि टाळूची जखम तपासा. टाळूतून वाहिलेलं रक्त उशीत आणि पट्टीत मुरतं, त्यामुळे ते हिशोबात येत नाही. आणखी एक. रक्तस्राव थांबेपर्यंत रक्तदाब मुद्दाम कमी राहू देण्याची पद्धत या रुग्णाला लावू नका.

६. अॅम्बू बॅग हळू दाबा. घाईच्या वेळी मिनिटाला ३० वेळा बॅग दाबली जाते, कार्बन डायऑक्साइड २५ वर येतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच अर्धपोटी असलेल्या भागाचं रक्त आणखी तुटतं. धमनीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० मध्ये ठेवा. कॅप्नोग्राफचा आकडा सहसा त्याहून थोडा कमी असतो आणि रक्तदाब पडलेला असेल किंवा फुप्फुसाला मार असेल तर हे अंतर बरंच वाढतं. म्हणून एक ब्लड गॅस (धमनीच्या रक्ताची तपासणी) करून दोन्ही आकडे जुळवून घ्या.

## टप्पा २: स्कॅन, शस्त्रक्रिया आणि रक्त गोठणं

रुग्ण स्थिर झाल्यावरच सीटी स्कॅनला न्या आणि नेताना मॉनिटर, भरलेला पंप आणि डॉक्टर सोबत असू द्या. स्कॅनच्या टेबलावर रुग्ण सपाट झोपतो आणि दाब तिथेच चढतो. टेबल आडवं ठेवण्याचा वेळ कमीत कमी असावा.

न्यूरोसर्जनला फोनवर ‘रक्तस्राव आहे’ एवढंच सांगून भागत नाही. कवटी आणि ड्यूरा (मेंदूवरचं जाड आवरण) यांच्यामधली रक्ताची गाठ ३० घन सेंटिमीटरच्या वर असेल तर जीसीएस कितीही असो, ती काढावी लागते. ड्यूराखालचा रक्ताचा थर १० मिमीपेक्षा जाड असेल किंवा मेंदूची मधली रेषा ५ मिमीपेक्षा जास्त सरकली असेल तरी तेच. हे आकडे मोजून, सोबत बाहुल्या आणि नळी घालण्याआधीचा जीसीएस सांगा.

रक्त पातळ करणारी औषधं चालू होती का, हे नातेवाइकांना थेट विचारा. ‘काही औषधं चालू आहेत का’ असं मोघम विचारलं की डायबेटिसची गोळी सांगितली जाते आणि वॉरफरिन राहून जातं. वॉरफरिन असेल तर व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून आणि सोबत प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स (रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन). व्हिटॅमिन केचा परिणाम यायला तास लागतात, एकट्या त्यावर विसंबू नका.

रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यायचंच असेल तर मार लागल्यापासून ३ तासांच्या आत: १ ग्रॅम १० मिनिटांत, मग १ ग्रॅम ८ तासांत. २०१९ च्या क्रॅश-३ अभ्यासात फायदा दिसला तो सौम्य आणि मध्यम इजेत. जबर इजेत तो स्पष्ट दिसला नाही, त्यामुळे यासाठी बाकी कामं अडवू नका.

स्टिरॉइड देऊ नका. २००४ च्या क्रॅश अभ्यासात १०,००० हून अधिक रुग्ण होते आणि मिथाइलप्रेडनिसोलोन मिळालेल्या गटात मृत्यू वाढले. सूज दिसली की डेक्सामिथासोन लिहायची सवय ब्रेन ट्यूमरच्या रुग्णांकडून आली आहे, इथे ती घातक आहे.

## टप्पा ३: पलंगाची मांडणी

या टप्प्यात कुठलंच औषध नाही, म्हणून तो घाईत उरकला जातो. माझ्या मते दाब विनाकारण चढण्याची सर्वांत जास्त कारणं इथेच सापडतात.

१. डोकं ३० अंश वर. मणका तपासून झालेला नसेल तर कमरेत न वाकवता अख्खा पलंगच तिरका करा.

२. नाक, हनुवटी आणि छातीचं मधलं हाड एका रेषेत. मान एका बाजूला कलली की गळ्यातली शीर दबते आणि मेंदूतून परत येणारं रक्त अडतं.

३. नळी बांधलेली फीत मानेभोवती गोल फिरवून आवळू नका. फितीखाली एक बोट सहज जायला हवं. कॉलरचंही तसंच. मणका निर्धोक ठरला की कॉलर त्याच दिवशी काढा.

४. लघवीची नळी वाहते आहे का, पोट फुगलंय का, हे पाहा. भरलेलं मूत्राशय आणि फुगलेलं पोटही दाब चढवतं.

५. आता ट्रान्सड्यूसर, म्हणजे नळीतला दाब मोजून आकडा दाखवणारा भाग. मेंदूला मिळणारा रक्ताचा दाब, म्हणजे सीपीपी, हा सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा करून येतो. ही वजाबाकी खरी ठरायला दोन्ही आकडे एकाच पातळीवर मोजलेले हवेत. समजा डोकं ३० अंश वर आहे आणि कान हृदयापेक्षा १५ सेंटिमीटर उंच आहे. आर्टेरियल ट्रान्सड्यूसर छातीजवळ लावला आणि सरासरी रक्तदाब ८०, कवटीतला दाब २० दिसला, तर कागदावर सीपीपी ६० येतो. पण १५ सेंटिमीटर उंचीचे सुमारे ११ मिमी (दाबाच्या आकड्यांत मिमी म्हणजे पाऱ्याचे) वजा केले की मेंदूला प्रत्यक्षात ४९ मिळतात. चार्ट समाधानकारक दिसतो आणि मेंदू उपाशी राहतो. सीपीपी काढण्यासाठी ट्रान्सड्यूसर कानाच्या भोकाच्या पातळीला लावा, चार्टवर तसं लिहा आणि डोकं वर-खाली केलं की पातळी पुन्हा जुळवा.

तपासा: दर ड्यूटीबदलाला दोघांनी पलंगाशी उभं राहून मान, फीत, कॉलर आणि ट्रान्सड्यूसर हात लावून पाहायचे. चार्टवर टिकमार्क करणं म्हणजे तपासणं नव्हे.

## टप्पा ४: पाया पक्का करणं

कवटीतला दाब वाढलेला असो वा नसो, यातलं काहीच वगळू नका.

गुंगी आणि वेदना. आधी वेदनाशामक, मग गुंगी. बरगड्या मोडलेल्या माणसाला नुसत्या प्रोपोफॉलने शांत ठेवायला गेलं की डोस वाढत जातो आणि रक्तदाब पडतो. प्रोपोफॉल ताशी ४ मिलिग्रॅम प्रति किलोच्या वर दीर्घकाळ चालवू नका. रक्तातल्या लॅक्टेट, सीके (स्नायूंचं एन्झाइम) आणि ट्रायग्लिसराइडवर लक्ष ठेवा. सक्शन करण्यापूर्वी १०० टक्के ऑक्सिजन आणि गुंगीचा छोटा डोस द्या, सक्शनची नळी १० ते १५ सेकंदांत बाहेर.

ताप. ३८ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नका. उलट टोकाला जाऊन सुरुवातीपासूनच ३५ च्या खाली थंड करण्याचा फायदा मोठ्या अभ्यासांत दिसलेला नाही.

आकडी. पहिल्या ७ दिवसांपुरतं प्रतिबंधक औषध. फेनिटॉइन असेल तर २० मिलिग्रॅम प्रति किलो, मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही आणि ईसीजी मॉनिटर लावूनच. लेव्हेटिरासिटामही चालतं. आकडी आलेली नसेल तर आठव्या दिवशी बंद करा. हे औषध डिस्चार्जच्या कागदापर्यंत नकळत चालू राहतं आणि मग वर्षभर सुटत नाही.

साखर. १४० ते १८०. तिला ११० वर आणायचा हट्ट धरू नका, मेंदूला साखर कमी पडणं जास्त वाईट.

सोडियम. दर ६ ते ८ तासांनी मोजा. उतरू लागलं तर पाणी तोडू नका. या रुग्णात द्रव कमी केले की रक्तदाब आणि सीपीपी दोन्ही जातात.

हिमोग्लोबिन. ७ च्या खाली कधीच नको. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनंतर मेंदूच्या इजेत ९ च्या आसपास ठेवण्याकडे कल वाढतो आहे.

## टप्पा ५: कवटीतला दाब मोजणं

जीसीएस ८ किंवा त्याखाली आणि स्कॅनमध्ये गाठ, सूज किंवा दबलेल्या सिस्टर्न (मेंदूभोवतालच्या पाण्याच्या जागा) दिसत असतील तर मॉनिटर बसवावा. दाब २२ मिमीच्या वर टिकून राहिला की उपचार, आणि सीपीपी ६० ते ७०. सीपीपी मुद्दाम ७० च्या वर ढकलण्यासाठी द्रव आणि नॉरएड्रिनलिन ओतत राहिलं तर फुप्फुसं भरतात.

ईव्हीडी (मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी) बसवली असेल तर तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. झिरोची पातळी कानाच्या भोकाशी. आकडा वाचताना नळीचा निचरा बंद, कारण चालू निचऱ्यात दिसणारा दाब खरा नसतो. रुग्णाला हलवताना, कूस बदलताना, पलंगाची उंची बदलताना नळी आधी बंद, नंतर आठवणीने चालू. पिशवी खाली लोंबकळली तर मेंदूतलं पाणी भराभर वाहून जातं आणि नव्याने रक्तस्राव होऊ शकतो.

मॉनिटर नसेल तर उपचार थांबत नाहीत. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्कॅन आणि तपासणीच्या आधारे काटेकोर उपचार मिळालेल्या रुग्णांची स्थिती मॉनिटर लावलेल्यांपेक्षा वाईट नव्हती. पण त्या काटेकोरपणात दर तासाची तपासणी आणि ठरवून केलेले पुन्हा स्कॅन होते. दिवसातून दोनदा बाहुल्या पाहून हा आधार घेता येणार नाही.

## टप्पा ६: दाब २२ च्या वर गेला, आता काय

पायरी शून्य, औषधाला हात लावण्याआधी. मॉनिटरवर दाबाचा तरंग नीट येतोय का? मान, फीत, कॉलर? रुग्ण खोकतोय, व्हेंटिलेटरशी झगडतोय? कार्बन डायऑक्साइड चढला? ताप? बारीक आकडी? रक्तदाब? हे सगळं दोन मिनिटांत पाहून होतं आणि बऱ्याच वेळा दाब इथेच उतरतो.

पहिली पायरी. वेदनाशामक आणि गुंगी वाढवा. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ३८. ईव्हीडी असेल तर निचरा. मग मॅनिटॉल ०.२५ ते १ ग्रॅम प्रति किलो, १५ ते २० मिनिटांत. ७० किलोच्या रुग्णाला अर्धा ग्रॅम प्रति किलो म्हणजे ३५ ग्रॅम, २० टक्क्यांच्या द्रावणाचे १७५ मिली. त्याऐवजी ३ टक्के सलाइन २५० मिली तितक्याच वेळात. रक्तदाब कमी असेल तर सलाइनच निवडा, मॅनिटॉल लघवीवाटे आणखी पाणी काढतं. मॅनिटॉलनंतर जेवढी लघवी जास्त झाली तेवढं द्रव भरून द्या.

इशारा: ‘मॅनिटॉल १०० मिली दर ८ तासांनी’ हा आदेश सर्वत्र दिसतो. दाब मोजला जात असताना तो लिहू नका. डोस दाब चढल्यावर द्यायचा असतो, घड्याळ बघून नाही. रक्ताची ऑस्मोलॅलिटी (त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ३२० च्या वर गेली की मॅनिटॉल थांबवा, सोडियम १५५ च्या वर गेलं की ३ टक्के सलाइन.

दुसरी पायरी. कार्बन डायऑक्साइड ३२ ते ३५. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा एक डोस देऊन बघा. दाब उतरला तरच ते चालू ठेवा. रक्तदाब वाढवून पाहण्याची चाचणीही इथेच: सरासरी रक्तदाब १० मिमीने वाढवा, २० मिनिटांपर्यंत बाकी काही बदलू नका. कवटीतला दाब उतरला तर वाढवलेला रक्तदाब ठेवा, चढला तर पूर्ववत करा.

तिसरी पायरी. थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल (खोल गुंगी आणणारी बार्बिट्युरेट औषधं), ३५ ते ३६ अंशांपर्यंत थंड करणं, किंवा कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा देणं. बार्बिट्युरेटने रक्तदाब पडतोच, नॉरएड्रिनलिन आधी चालू असावं. थायोपेंटोन चालू असताना पोटॅशियम उतरतं आणि बंद केल्यावर उसळी मारतं, म्हणून कमी दिसलं तरी भरभरून देऊ नका.

कवटी उघडण्याबद्दल नातेवाइकांशी प्रामाणिकपणे बोलावं लागतं. २०१६ च्या रेस्क्यू-आयसीपी अभ्यासात ६ महिन्यांनी मृत्यूचं प्रमाण ४८.९ टक्क्यांवरून २६.९ वर आलं, पण भान नसलेल्या अवस्थेत जगणाऱ्यांचं प्रमाण २.१ वरून ८.५ टक्क्यांवर गेलं. ‘ऑपरेशन केलं तर वाचतील’ एवढंच सांगणं अर्धवट आहे. काय अवस्थेत वाचतील, हेही त्यांना ऐकायला हवं.

प्रत्येक नव्या पायरीआधी विचारा: पुन्हा स्कॅन हवा का? नवी गाठ वाढत असेल तर तिला औषध नाही, शस्त्रक्रिया आहे.

## टप्पा ७: बाहुली अचानक मोठी झाली तर

एक बाहुली दुसरीपेक्षा २ मिमी मोठी, उजेडाला प्रतिसाद गेला, जीसीएसच्या हालचालीचा गुण एकाने तरी घटला, किंवा रक्तदाब चढून नाडी मंदावली: यातलं काहीही म्हणजे आणीबाणी. इथे पायऱ्या चढत बसायचं नाही. शंभर टक्के ऑक्सिजन, मॅनिटॉल १ ग्रॅम प्रति किलो किंवा तीव्र (३ टक्के) सलाइन, कार्बन डायऑक्साइड थोडा वेळ ३० ते ३५, न्यूरोसर्जनला फोन आणि स्कॅन. वेगाने श्वास देणं ही फक्त पूल म्हणून वापरायची गोष्ट आहे, स्कॅन किंवा शस्त्रक्रिया होईपर्यंत. तासन्‌तास चालू ठेवलं तर त्यानेच मेंदूचं रक्त तुटतं.

## टप्पा ८: पुढचे दिवस

अन्न २४ ते ४८ तासांत सुरू करा आणि पाचव्या, फार तर सातव्या दिवसापर्यंत पूर्ण गरजेला आणा. कवटीचा तळ मोडला असेल तर नाकातून कुठलीही नळी घालू नका.

पायांना दाबपट्ट्या पहिल्या दिवसापासून. हेपारिनचा निर्णय पुन्हा केलेल्या स्कॅनमध्ये रक्तस्राव वाढलेला नाही हे पाहून, बहुधा २४ ते ७२ तासांत, न्यूरोसर्जनशी बोलून.

लघवी सलग दोन तास ताशी २५० ते ३०० मिलीच्या वर, पाण्यासारखी पातळ, आणि सोडियम चढतंय? आधी मॅनिटॉल कधी दिलं होतं ते पाहा. दिलेलं नसेल तर डायबेटिस इन्सिपिडस (पाणी धरून ठेवणारं संप्रेरक कमी पडणं) धरा आणि त्याची भरपाई करणाऱ्या डेस्मोप्रेसिनचा विचार करा.

काही दिवसांनी घामाने निथळणं, नाडी १४० वर, ताप, हातपाय ताठ होणं असे झटके येऊ लागले तर प्रत्येक वेळी जंतुसंसर्ग किंवा आकडी समजू नका. तपासण्या करा, पण स्वयंचलित चेतासंस्थेचा हा उद्रेक असू शकतो. त्याला मॉर्फिन आणि प्रोप्रानोलॉलने आराम पडतो.

पहिल्या ७२ तासांत ‘आता काही उपयोग नाही’ हा निष्कर्ष काढू नका. गुंगी, कमी तापमान, बारीक आकड्या आणि बिघडलेलं सोडियम यांनी तपासणी झाकोळलेली असते. नातेवाइकांशी रोज एकाच डॉक्टरने, ठरलेल्या वेळी बोलावं. तिघांनी तीन वेगवेगळी वाक्यं सांगितली की त्यांचा कुणावरच विश्वास उरत नाही.

उपचार काढतानाही क्रम असतो. दाब २४ ते ७२ तास शांत राहिला आणि स्कॅन सुधारला की सर्वांत वरच्या पायरीपासून खाली या, एका वेळी एकच गोष्ट: आधी बार्बिट्युरेट, मग शिथिल करणारं औषध, मग कार्बन डायऑक्साइड हळूहळू पूर्ववत, शेवटी गुंगी. सोडियम वाढवलेलं असेल तर ते दिवसाला काही अंकांनीच उतरू द्या, झपाट्याने उतरलं तर सूज परत येते. गुंगी कमी करताना दाब पुन्हा २२ च्या वर टिकला तर ती परत वाढवा, पायरी शून्यपासून सगळं पुन्हा तपासा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने प्रयत्न करा.